रविवारी तू डबा घेऊन आलीस तेव्हापासून

मनू,

फोनवर सांगायला गेले की तू मीटिंगमधे असतेस म्हणून लिहितेय, सावकाश वाच. रविवारी तू खारघरहून आपल्याच घरी स्वतःचा डबा घेऊन आलीस, उकडलेला दुधी नि कोरडा भात, आणि मी केलेलं वरण हिंग आहे म्हणून बाजूला सारलंस, मी काही बोलले नाही पण रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. तुझं घड्याळ मनगटावर किती सैल झालंय गं.

पोट फुगतं म्हणालीस तेव्हा मी टेन्शन घेतेस, बाहेरचं खातेस असं बोलले होते, ते माझं चुकलंच. मला तर कळायला हवं होतं. तू दहावीत होतीस तेव्हा मलाही हाच त्रास, ऑफिसमधे दुपारी 3 वाजले की पोट टम्म. शेजारच्या काकू म्हणाल्या गहू सोड, सोडला. 4 महिने भाकरी खाल्ली, मधेच बरं वाटायचं, मधेच परत तेच. शेवटी नौपाड्यात एका डाएटिशियन बाईंकडे गेले तर त्यांनी आधी काही बंदच नाही केलं, वही लिहायला लावली, काय खाल्लं, किती वाजता, किती, आणि नंतर काय झालं. मग 3 आठवडे दूध, गहू, कांदा-लसूण, राजमा-छोले सगळं बंद. पोट शांत झालं. मला वाटलं झालं, आता असंच राहायचं, तर त्या म्हणाल्या आता कुठे सुरुवात झालीय.

हेच मला तुला सांगायचंय. एकेक वस्तू परत आणल्याशिवाय काहीच कळत नाही. मी पहिला गहू घेतला, एक दिवस अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी तीन, बाकी जेवण तेच साधं. काहीही झालं नाही! जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन येताना रडले होते मी, 4 महिने उगाच पोळी सोडून बसले होते. मग 3 दिवस थांबून दूध, पहिल्या दिवशी अर्धा कप ठीक, दुसऱ्या दिवशी मोठा ग्लास आणि दुपारी तेच पोट. सकाळी पोळीबरोबर मी नुसत्या दुधाची मगभर कॉफी घ्यायचे ना, पोळी नव्हती तेव्हा कधीकधी ती कॉफीपण राहून जायची, म्हणून मधेच बरं वाटायचं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती पचवणारं एन्झाइम बऱ्याच जणांचं वय वाढतं तसं कमी होतं. दह्यात विरजणातले जंतू त्यातली थोडी खाऊन टाकतात, तुपात ती जवळपास नसतेच, म्हणून मला ताक चालतं, तूप चालतं, चहातलं घोटभर दूधही चालतं. म्हणजे प्रश्न किती घेतलं याचाही असतो.

तू 10 आठवडे झाले सात वस्तू एकदम सोडल्यास आणि एकही परत आणली नाहीस. बंद ठेवायचं ते 2-3 आठवडे, फार तर 6. आणि गहू सोडायच्या आधी सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करायला हवी होती, कारण गहू बंद असला की आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आता आधी डॉक्टरकडे जायचं, ते सांगतील तेवढे दिवस पोळी खायची, मग तपासणी. हिंगाचं तुझं बरोबर होतं, डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते, सिलिॲक निघाला तर मी स्वतः घरातली डबी बदलेन. पण आधी निघू तर दे.

रक्तातली आयजीजी नावाची अँटीबॉडी मोजून शंभर पदार्थांची लिस्ट देणारी ती आयजीजी टेस्ट, तिच्यात पैसे घालू नकोस. ती अँटीबॉडी आपण जे खातो त्याचीच दिसते, त्रास होतो म्हणून नाही, युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने 2008 मधेच ही टेस्ट यासाठी वापरू नका म्हणून सांगितलंय.

आणि कोळंबी यात अजिबात धरू नकोस. सातवीत तुझे ओठ सुजले होते, श्वास लागला होता, ती ॲलर्जी, ती घरी थोडंथोडं खाऊन बघायची गोष्ट नाही, ते फक्त ॲलर्जीच्या डॉक्टरांसमोर.

शनिवारी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतलीय, शुक्रवारी रात्रीच ये, ठाण्याला उतरलीस की बाबा घ्यायला येतील. तुझ्यासाठी 200 पानी वही आणलीय. तोवर निदान वरण-भात तरी पोटभर खा, आणि मी शुक्रवारी रात्री विरजण लावू का तेवढं कळव.

आई