शाळेतला स्टुडिओ मुलांच्या हाती राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळांना डिजिटल मीडिया स्टुडिओ द्यावा, असा सूर अलीकडे शिक्षण परिषदांत आणि देणगीदारांशी होणाऱ्या बोलण्यांत सारखा कानावर येतो. मी माण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तीन वर्षांपासून आमच्याकडेही एक स्टुडिओ चालतो. पोषण आहाराचे धान्य ठेवतो त्या खोलीचा निम्मा भाग, एवढीच त्याची जागा. खरेदीच्या याद्या पक्क्या व्हायच्या आत या अनुभवातले थोडे सांगावे, म्हणून हे पत्र.

याआधी मी ज्या शाळेत होते तिथे एका देणगीदाराने चांगला कॅमेरा आणि दोन मोठे दिवे दिले होते. फीत कापली, फोटो झाले आणि कॅमेरा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढून लोखंडी कपाटात गेला. तपासणीच्या वेळी तो बाहेर यायचा, मोजला जायचा, परत आत जायचा. मुख्याध्यापकांना यात बोल लावता येणार नाही. रजिस्टरला चढलेली वस्तू मोडली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते, निर्लेखनाचे, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचे, कागद त्यांनाच फिरवावे लागतात. मग आठ वर्षांच्या पोराच्या हातात ती कोण देईल? माझी बदली होईपर्यंत त्या कॅमेऱ्याला एकाही मुलाचा हात लागला नव्हता. ते कपाट अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून इथे आम्ही उलटीकडून सुरुवात केली. माझा जुना फोन, तीनशे-साडेतीनशेचा कॉलर माईक आणि एक साधा ट्रायपॉड. खरी अडचण आली ती आवाजाची. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, भिंती उघड्या. बोललेले सगळे घुमायचे. मुलांनी गावभर हिंडून अंड्यांचे ट्रे गोळा केले आणि भिंतींना चिकटवले. काही फरक पडला नाही. मग एका आजीने दोन जुन्या वाकळा दिल्या. त्या दोरीवर टांगल्या, फरशीवर पोती अंथरली आणि घुमणे जवळजवळ थांबले. जाड, मऊ कापड आवाज पिऊन टाकते, पातळ पुठ्ठ्याला ते जमत नाही, हे मुलांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. पावसाची सर आली की पत्रा वाजतो आणि आमचे काम थांबते. त्यावर अजून इलाज सापडलेला नाही.

तिसरीतली एक मुलगी वाचताना नेहमी एका दमात, मान खाली घालून वाचायची. विरामचिन्हापाशी थांब, हे मी तिला वर्षभर सांगत होते. एकदा तिने धडा रेकॉर्ड केला, कानाला लावून ऐकला आणि म्हणाली, "बाई, मी हितं थांबलेच न्हाई." बोट पूर्णविरामावर होते. त्या दुपारी तिने तोच परिच्छेद सात वेळा रेकॉर्ड केला, मी एकदाही सांगितले नाही. 'फ' आणि 'भ' आले की माईकमध्ये भस्सकन वारा शिरतो, तेव्हा माईक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या थोडा बाजूला धरायचा, ही युक्तीही तिनेच काढली. आता ती पहिलीच्या मुलांना शिकवते.

गेल्या वर्षी चौथीच्या मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारायचे ठरवले. पहिला प्रश्न होता, "तुम्हाला दुष्काळाबद्दल काय वाटतं?" आजी म्हणाल्या, "काय वाटणार?" संपली मुलाखत. परत येऊन मुलांनी आपापसात चर्चा केली आणि दुसऱ्या दिवशी एकाने विचारले, "आजी, तवा जेवायला काय असायचं?" मग वीस मिनिटे आजी थांबल्या नाहीत. दुष्काळी कामावर खडी फोडणे, मुलांना मिळणारी सुकडी, लाल मिलोची भाकरी. मिलो म्हणजे लाल ज्वारी, हे मुलांना ठाऊक नव्हते. ती अमेरिकेतून यायची म्हटल्यावर जगाचा नकाशा खाली उतरला. वीस मिनिटांतून चार मिनिटे ठेवायची होती, त्यावर दोन दिवस भांडण झाले. काय ठेवायचे, काय कापायचे आणि का, यावर नऊ वर्षांची मुले इतक्या तावातावाने बोलताना मी पूर्वी पाहिली नव्हती. भाषेचा याहून चांगला तास मला घेता आला नसता.

माझी पिढी दूरदर्शनवर बालचित्रवाणी या संस्थेचे मुलांसाठीचे शैक्षणिक कार्यक्रम पाहत वाढली. १९८४ मध्ये पुण्यात उभी राहिलेली ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली, याचे मला आजही वाईट वाटते. त्याच वर्षी दीक्षा हे शालेय शिक्षणाचे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आले आणि पुढे पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून धड्यांचे व्हिडिओ दिसू लागले. त्यांचा उपयोग मीही करते. पण तिथे मोठी माणसे बोलतात आणि मुले बघतात. शाळेच्या खोलीत स्टुडिओ उभा करायचा तर तिथे मुलांनी बोलायला हवे. शिक्षकांचे व्हिडिओ करायला तो वापरला तर आहे त्यातच भर पडेल.

आणखी एक काळजी. उपक्रम झाला की फोटो, व्हिडिओ ग्रुपवर टाका, असे आम्हाला सवयीने सांगितले जाते. स्टुडिओ आला की हे वाढेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी मुलाचा चेहरा, नाव आणि गाव एकत्र बाहेर जाऊ नये, हे आईबापांना समजावून सांगावे लागत नाही. आम्ही बहुतेक फक्त आवाज रेकॉर्ड करतो. फाइल शाळेच्या हार्ड डिस्कवर राहते आणि पालकसभेत ऐकवली जाते.

पैशांचे म्हणाल तर, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळांना मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. त्यातच वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता, खडू. स्टुडिओसाठी वेगळी तरतूद हवीच, पण ती लाखांची नको. शाळेला दरवर्षी चार-पाच हजार मिळाले तरी मुले काम करू शकतात. वेळ 'आनंददायी शनिवार' या शनिवारच्या उपक्रमांच्या तासांत काढता येतो.

शिक्षण विभागाला माझी विनंती एवढीच, की माईक, ट्रायपॉड, हेडफोन, वायरी या वस्तू खडू आणि रंगपेट्यांसारख्या उपभोग्य धराव्यात, डेडस्टॉकला चढवू नयेत. तीन वर्षांत आमचे दोन माईक गेले. एक पाण्याच्या बादलीत पडला, दुसऱ्याची वायर पहिलीतल्या मुलाने दातांनी सोलली. मी नवीन आणले आणि त्याच मुलाच्या हातात दिले. हे पदरच्या पैशांतून होते म्हणून जमले. सरकारी माईक असता तर मीही तो कपाटात ठेवला असता.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. माण, जि. सातारा