बाबा, कॉम्प्युटरमधल्या दोन स्टिक काढून ठेवा

ड्रेस्डेन, 10 मे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी इथे मजेत आहे. खोकला गेला. पोळ्या रोज होत नाहीत, पण वरण-भात असतोच, तेव्हा आईने फोनवर पुन्हा तेच विचारू नये.

अमोल फोन उचलत नाही आणि मेसेज अर्धाच वाचतो, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. बाबा, तुमचा जन्म विजेच्या लाइनवर गेला, व्होल्टेजचं त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. त्याला समोर बसवा आणि एकेक गोष्ट करून घ्या.

आधी भांडण मिटवते. अमोलच्या कॉम्प्युटरची रॅम, म्हणजे काम चालू असताना माहिती धरून ठेवणाऱ्या स्टिक, विकताना दुकानदाराने फसवलेलं नाही. डब्यावर वेग 6000 (सेकंदाला इतक्या दशलक्ष वेळा माहिती) आणि स्क्रीनवर 1800 दिसतं, म्हणून तुम्ही चिडलात. ते सीपीयू-झी नावाचं सॉफ्टवेअर घड्याळाचे ठोके दाखवतं, आणि ही रॅम एका ठोक्याला दोनदा माहिती देते. म्हणजे 1800 चे झाले 3600. त्याच्या रायझेन 7700 प्रोसेसरला कंपनीने अधिकृतपणे दोन स्टिकना 5200 आणि चार स्टिकना 3600 एवढाच वेग दिलेला आहे. चार घातल्यावर मदरबोर्डने नियमाप्रमाणे 3600 लावला. डब्यावरचे 6000 रॅमचे आहेत, आणि तेही एक्स्पो नावाची सेटिंग चालू केल्यावर. ते प्रोसेसरने झेपवलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नसतं.

अमोलने चार स्टिकवर एक्स्पो चालू केलं आणि तिथून रेंडर, म्हणजे शूटिंगचा व्हिडिओ तयार करण्याचं काम, मध्येच बंद पडायला लागलं. निळी स्क्रीन येते आणि दर वेळी वेगळं कारण सांगते, ही बहुधा रॅमचीच खूण. 6000 वर एका बिटला सेकंदाचा सहा अब्जावा भाग मिळतो. एकाच तारेवर दोन स्टिक लटकवल्या की सिग्नल दुसऱ्या टोकावरून आपटून परत येतो आणि एवढ्या वेळात शून्य की एक हेच कळत नाही. शिवाय दोन जोड्या वेगवेगळ्या वेळी घेतल्या. मॉडेल नंबर तोच असला तरी आतली चिप बदललेली असू शकते. दुसरी जोडी घे असं मीच सांगितलं होतं, पैसेही मीच पाठवले. त्याला बोलू नका.

आता काम. सर्वांत आधी, वरणगावच्या लग्नाचं शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डांवरून पुसू नकोस म्हणावं. रॅम चुकत असताना कॉपी केलेली फाइल आतून बिघडलेली असू शकते आणि वरून काही दिसत नाही.

प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, केसच्या पत्र्याला हात लावा. प्रोसेसरकडून मोजायचं: पहिल्या आणि तिसऱ्या खाचेतल्या स्टिक काढा, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत एकाच डब्यातली जोडी ठेवा. खाचेला बहुधा एकाच बाजूला खटका असतो. दुसरी बाजू आवाज करत नाही, म्हणून तिथे जास्त नीट दाबायचं. सोनेरी टोकांवर खोडरबर घासू नका. मुलामा जातो आणि रबराचा चुरा खाचेत अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं घ्या.

मग बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. जुन्या बायोसमध्ये रॅम नीट ओळखण्याचं काम कच्चं होतं, नंतरच्या आवृत्त्यांत पुष्कळ सुधारलं. पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करायचा, एक्स्पो बंद करायचं, आणि हे काम इन्व्हर्टर भरलेला असतानाच. मध्ये लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) 48 आकडी की वहीत उतरवून ठेवा. अपडेटनंतर विंडोज ती मागू शकतं आणि मग सगळं घर शोधत बसेल.

एक्स्पो बंद ठेवूनच मेमटेस्ट86 प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवा. फुकट आहे. सुरूच होत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. विंडोजच्या आधी ही चाचणी करायची, कारण बिघडलेल्या रॅमवर विंडोज चालवलं की तेही बिघडू शकतं. साध्या वेगावर एक जरी चूक आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा, आणि जी चुकेल ती वॉरंटीत परत द्या. सेटिंग करून ती सुधारत नाही.

ते पास झालं की एक्स्पो चालू करून सेव्ह. आता स्क्रीन काळी होईल आणि काळीच राहील. हे ट्रेनिंग असतं, बोर्ड प्रत्येक तारेची वेळ जुळवत असतो. पंधरा मिनिटं कोणी बटणाला हात लावायचा नाही. अमोलने तर नाहीच. त्यानंतरही आलं नाही तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, सगळी सेटिंग मूळ जागी येते.

आलं की टास्क मॅनेजरमध्ये 6000 दिसेल. मग झेनटायमिंग्ज नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एमसीएलके (रॅमचं घड्याळ) आणि यूसीएलके (प्रोसेसरमधल्या रॅम कंट्रोलरचं घड्याळ) दोन्ही 3000 आहेत का बघा. यूसीएलके 1500 असेल तर कंट्रोलर अर्ध्यावर पळतोय आणि 6000 नुसते दाखवायचे. रॅमचं व्होल्टेज 1.35 असावं. दुसरं एक व्होल्टेज असतं, एसओसी, प्रोसेसरमधल्या त्या कंट्रोलरला मिळणारं. ते 1.2 ते 1.25 च्या आसपास पुरतं. 1.3 च्या वर अजिबात नाही. 2023 मध्ये काही बोर्डांनी एक्स्पोबरोबर ते आपोआप जास्त चढवलं आणि प्रोसेसर जळाले, तेव्हापासून एएमडीने 1.3 ची मर्यादा घातली. बायोस अपडेट करायला सांगते त्याचं हेही एक कारण.

मेमटेस्टच्या चार फेऱ्या रात्रभर. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम5 ही रॅमचीच दुसरी चाचणी, त्यात अंता777 चं एक्स्ट्रीम प्रोफाइल. मग वाय-क्रंचर तासभर, कारण तो प्रोसेसर आणि रॅम दोघांना एकदम राबवतो. "एखादीच चूक आली" असं चालत नाही. शून्य म्हणजे शून्य.

इथे एक गोष्ट सांगते. जर्मन लोक घराला हवा देतात. खिडकी जराशी उघडी ठेवणं नव्हे, त्याला हे लोक नाक मुरडतात. दिवसातून दोन-तीनदा, बाहेर उणे पाच असलं तरी, हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं थांबायचं, बंद करायच्या. त्याला श्टोसल्युफ्टन म्हणतात. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतीवर बसते आणि बुरशी येते, मग घरमालक भाडेकरूला धरतो. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं शेजारीण वेडी आहे. आता मीही गजर लावून उघडते. आईला सांगू नका, ती म्हणेल म्हणूनच खोकला.

सांगायचं कारण, या खोलीत 19 अंश असतात. भुसावळला मे महिन्यात दुपारी खोलीत 40. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा कपॅसिटर, तापला की लवकर गळतो. म्हणून रात्रीची चाचणी पास झाली तरी दुपारी तीनला, खोलीतला कूलर बंद करून, ग्राफिक्स कार्डावर काम चालू ठेवून विंडोजमधली टेस्टमेम5 पुन्हा करा. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिकचं तापमान दिसतं. मी 55 च्या आत धरते. चूक लगेच येत असेल तर व्होल्टेज किंवा टायमिंगचा प्रश्न, अर्ध्या-पाऊण तासाने येत असेल तर बहुधा उष्णतेचा. केसचा पुढचा पंखा हवा आत ओढतोय की बाहेर फेकतोय, ते अगरबत्ती लावून बघा. इंटरनेटवर टीआरईएफआय (ते कपॅसिटर किती वेळाने पुन्हा भरायचे ते अंतर) वाढवा म्हणून सांगतात, ते भुसावळसाठी नाही.

एवढं करून 6000 टिकलं नाही तर 5600 लावा, टायमिंग (माहिती यायला लागणारे ठोके) 28 ठेवून. 6000 ला 30 म्हणजे 10 नॅनोसेकंद, 5600 ला 28 म्हणजेही 10. 28 वर चुकलं तर 30 करा. रेंडरमध्ये फरक शोधावा लागेल. त्याचा 6000 चा हट्ट असतो, पण गिऱ्हाईक आकडा बघत नाही.

64 जीबी खरंच हवी असेल तर 32 च्या दोन स्टिक, एकाच डब्यातल्या. रॅमचे भाव चढलेत, मी जूनमध्ये पैसे पाठवते. मे महिन्यात जमणार नाही, इथे हीटरचं वर्षाचं बिल आलं आहे. मोठं नाही, काळजी नको. काढलेली जोडी लगेच विकू देऊ नका. कर्जाचा हप्ता 5 तारखेलाच जाईल, त्यात बदल नाही.

नाशिकच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. फोटो पाहिला, उत्तर द्यायचं राहिलं. मावशींना सांगा की कामात आहे, खरंच होते. डिसेंबरचं तिकीट अजून काढलेलं नाही, पण काढणार आहे. गेल्या वर्षीही असंच म्हणाले होते ते माझ्या लक्षात आहे.

दुपारच्या चाचणीत किती तास गेले आणि स्टिकचं तापमान किती होतं, ते दोन आकडे वहीत लिहून फोटो पाठवा.

तुमची,
मनू

ता. क. आईची बीपीची गोळी बदलली असं अमोल म्हणाला. मला कोणी का सांगितलं नाही?