अनोळखी मेल उघडायचा नाही, तर गाळा कशाला उघडायचा?

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
सांगली

विषय: ई-मेलसोबत येणाऱ्या घातक फायली आणि जिल्हा प्रशासनाकडून अपेक्षा

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत संगणक दुरुस्तीची आणि नेटवर्क जोडणीची कामं करतो. मार्केट यार्डातले अडते, मिरजेतले दवाखाने, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने आणि गावोगावच्या पतसंस्था ही माझी गिऱ्हाइकं. सायबर सुरक्षेची पत्रकं आता सगळीकडे भिंतीवर दिसतात आणि त्यावर एक वाक्य हमखास असतं: अनोळखी व्यक्तीने पाठवलेली अ‍ॅटॅचमेंट उघडू नका. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला परराज्यातून दराची विचारणा येते ती अनोळखी माणसाकडूनच. हळदीचा नमुना मागणारा मसालेवाला पहिल्यांदा मेल करतो तेव्हा अनोळखीच असतो. मिरजेतल्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर विमा कंपन्यांची पत्रं दिवसभर येत राहतात, रोज नव्या नावाने. कुपवाडच्या फाउंड्रीत ड्रॉइंग आणि परचेस ऑर्डर मेलवरच येते. या लोकांनी अनोळखी मेल उघडायचा नाही, तर सकाळी शटर तरी कशाला वर करायचं? जो नियम पाळणं शक्य नाही तो माणूस सोडून देतो, आणि त्याच पत्रकावरच्या चार चांगल्या सूचनाही त्यासोबत सोडून देतो.

२०१६ साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर चोरीला गेले. अमेरिकी तपास यंत्रणेने नंतर न्यायालयात जे मांडलं त्यानुसार आदल्या वर्षीच बँकेच्या कर्मचाऱ्यांना साधे मेल आले होते. तुमच्याकडे नोकरी करायची इच्छा आहे, माझा बायोडाटा या लिंकवर पाहा, एवढाच मजकूर. आलेले अर्ज वाचणं हे ज्याचं कामच आहे, त्याला आपण काय सांगणार? वाचू नको?

बरं, ओळखीच्याकडून आलेलं तरी बिनघोर उघडावं, तर तेही नाही. इमोटेट नावाचं व्हायरसचं एक जाळं होतं. ते एका संगणकात शिरलं की तिथले जुने मेल चोरायचं आणि त्याच संभाषणाला उत्तर म्हणून पुढच्याला घातक फाइल पाठवायचं. म्हणजे विषय तुमचाच, खाली तुम्हीच लिहिलेला मजकूर, फाइल तेवढी चोराची. युरोपीय पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये ते जाळं मोडलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा उभं राहिलं.

म्हणून लोकांना माणूस ओळखायला शिकवण्याऐवजी फाइल ओळखायला शिकवावं, असं माझं म्हणणं आहे. हे शिकायला इंजिनिअर असावं लागत नाही. यार्डातला दिवाणजी हळदीचं हळकुंड मोडून माल सांगतो. त्याला फाइलच्या नावातली शेवटची तीन-चार अक्षरं वाचणं अवघड नाही. अडचण अशी की ती अक्षरं त्याला दिसतच नाहीत. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा मेल जगभर पसरला तो नेमका यामुळे. फाइलचं नाव टीएक्सटीवर संपल्यासारखं दिसायचं, त्यापुढचं व्हीबीएस विंडोज लपवायचं. लोकांना वाटलं प्रेमपत्र आहे, पण तो प्रोग्रॅम होता. २५ वर्षं उलटून गेली तरी नवीन संगणक आणला की ही अक्षरं अजून लपवलेलीच येतात. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण केली की ती दिसायला लागतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि मला विचाराल तर ते अँटिव्हायरसच्या आधी करावं. एकदा ती दिसली की 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' हे बिल नव्हे, प्रोग्रॅम आहे, हे दिवाणजीला सांगावं लागत नाही.

ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ अशा शेपटाच्या फायली गिऱ्हाइकाकडून येण्याचं काहीच कारण नसतं. एचटीएमएल फाइल आली आणि ती उघडल्यावर मेलचा पासवर्ड मागू लागली, तर ती पासवर्ड गोळा करायलाच आली आहे असं समजावं. पासवर्ड लावलेली झिप आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, हा प्रकार सर्वांत फसवा. लोकांना वाटतं कुलूप आहे म्हणजे सुरक्षित. प्रत्यक्षात ते कुलूप मेल कंपनीच्या तपासणी यंत्राला आत डोकावता येऊ नये म्हणून लावलेलं असतं.

राहिलं वर्ड आणि एक्सेल, जे टाळताच येत नाही. त्यातल्या मॅक्रोचा, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, धोका १९९९ च्या मेलिसा व्हायरसने जगाला दाखवला. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपणहून अडवायला सुरुवात केली. मग चोर आयएसओ आणि वननोट या मायक्रोसॉफ्टच्याच वहीवजा प्रोग्रॅमच्या फायलींकडे वळले. मॅक्रो नसलेली वर्ड फाइलही ऑफिस अपडेट केलेलं नसेल तर घात करू शकते; नोव्हेंबर २०१७ मध्ये समीकरणं लिहिण्याच्या भागातली जी चूक दुरुस्त झाली ती सुमारे १७ वर्षं तशीच पडून होती. त्यामुळे अनोळखी फाइल आधी डाउनलोड न करता जीमेलच्या खिडकीतच पाहावी. तिथे ती त्यांच्या यंत्रावर उघडते, आपल्याला फक्त पानं दिसतात. आतल्या लिंकवर मात्र तिथेही बोट ठेवू नये. वाचायला तेवढं पुरतं. डाउनलोड केल्यावर वर पिवळी पट्टी आली आणि फाइलच तुम्हाला 'एनेबल' दाबायला सांगू लागली, तर फाइल बंद करून पाठवणाऱ्याला फोन करावा. तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, आपल्या वहीतल्या नंबरवर.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. ही सगळी वाईट लक्षणं मी चोरांच्या मेलमध्ये पाहतो, तशीच सरकारी पत्रव्यवहारातही पाहतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तो उद्देशही नाही. माहिती भरायला एक्सेल येते, त्यात मॅक्रो असतात, आणि मेलमध्ये लिहिलेलं असतं की वर पट्टी आल्यास 'एनेबल कंटेंट' दाबावे. मराठी अक्षरं चौकोनी दिसत असल्यास सोबतच्या झिपमधली फॉन्टची फाइल चालवा, असंही येतं. आणि हे सगळं कुणाच्या तरी वैयक्तिक जीमेलवरून, 'अतितात्काळ' असा विषय घालून. ग्रामपंचायतीचा ऑपरेटर किंवा पतसंस्थेचा लिपिक असे मेल निमूटपणे उघडायला शिकतो, कारण उघडला नाही तर कारणे दाखवा नोटीस येईल. पुढे जीएसटीच्या नावाने खोटी नोटीस आली की तोच हात आपोआप पट्टीवर जातो. ही सवय त्याला चोरांनी लावलेली नाही.

यात आपल्या हाती बरंच आहे. जिल्ह्यातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनच्या पत्त्यावरूनच जाईल, ते डिजिटल सही असलेलं पीडीएफ असेल, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे वेगळा फॉन्ट न घालता कुठेही वाचता येईल असा असेल, आणि कोणतंही सरकारी कार्यालय मॅक्रोची फाइल पाठवणार नाही, असं एक परिपत्रक आपण काढावं. ते वर्तमानपत्रांतही द्यावं. मग आमचा दिवाणजी छातीठोकपणे म्हणू शकेल की जीमेलवरून आलं म्हणजे हे सरकारी नाही. जीएसटीच्या नोटिशीच्या बाबतीत नियम याहून सोपा आहे: मेलमधली फाइल उघडायचीच नाही, स्वतः जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन करून पाहायचं. नोटीस खरी असेल तर ती तिथे असते. केंद्रीय जीएसटी विभागाच्या पत्रांवर नोव्हेंबर २०१९ पासून डीआयएन हा प्रत्येक पत्राचा वेगळा क्रमांक, किंवा पोर्टलवरून निघालेल्या पत्रांवर आरएफएन हा संदर्भ क्रमांक असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. व्यापाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, हे एकदा यार्डात विचारून पाहावं.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आयर्विन पुलाची पातळी फुटांत आणि वेळेसकट सांगतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे हेही कळतं. नदीकाठचा माणूस त्यावरून आपल्या गल्लीचा हिशेब करतो आणि सामान माडीवर नेतो. सायबरच्या बाबतीत मात्र 'सतर्क राहा' एवढंच येतं, म्हणजे 'पावसाळा आहे, जपून' इतकंच सांगितल्यासारखं. जिल्ह्यात एका पतसंस्थेला खोट्या लेखापरीक्षण पत्राची फाइल आली, तर त्या मेलचा विषय, फाइलचं नाव आणि पाठवणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी बाकीच्या पतसंस्थांपर्यंत पोहोचायला हवा. पुराचा निरोप गावागावात पोहोचवणारी यंत्रणा आपल्याकडे आहेच. तिच्यातूनच हा चार ओळींचा निरोप जाऊ शकतो.

२०१९ च्या पुराने बॅकअपचा धडा आम्हाला दिला, पण अर्धाच. त्यानंतर पुष्कळ दुकानदारांनी संगणक वरच्या मजल्यावर नेले, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममधल्या डेटाची प्रत ठेवायला लागले. प्रत कुठे, तर त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये, नाहीतर कायम खोचून ठेवलेल्या हार्डडिस्कमध्ये. खंडणी मागणारा व्हायरस जोडलेलं सगळंच कुलूपबंद करतो. यार्डातल्या एका गाळ्यात 'पेमेंट अ‍ॅडव्हाइस' नावाची झिप उघडली गेली, तेव्हा चालू वर्षाची खतावणी आणि तिची प्रत एकदमच गेली. विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) कागदावर होत्या म्हणून रोजमेळ पुन्हा बांधता आला. दोन हार्डडिस्क आलटून पालटून वापराव्यात आणि काम झालं की काढून कपाटात ठेवाव्यात. याला खर्च फारसा नाही. दवाखान्यांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाला कितीतरी दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले.

त्या गाळ्यातल्या दिवाणजीचं पुढे काय झालं तेही सांगतो. मालकाने त्याचा पगार कापला. त्याचा परिणाम शेजारच्या गाळ्यांवर झाला: आता कुणाकडून चुकून काही उघडलं गेलं तर तो गप्प बसतो, संगणक बंद करून घरी जातो. खरं तर पहिला तासच मोलाचा. नेटची केबल काढायची, वाय-फाय बंद करायचं, मालकाला सांगायचं, बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायचे, पैसे गेले असतील तर १९३० ला फोन लावायचा. आणि आमच्यासारख्याला बोलावून लगेच फॉरमॅट मारायला सांगायचं नाही, कारण पुरावाही त्यात जातो आणि कधीकधी डेटा परत मिळण्याची शक्यताही. काही जुन्या खंडणी व्हायरसांच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पावर फुकट मिळतात. तो युरोपीय पोलिसांनी इतरांसोबत २०१६ मध्ये सुरू केला. आपल्या केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मोफत साधनं देतं. त्याची पाटी मी आजवर एकाही सेवा केंद्रात पाहिलेली नाही.

आमच्या धंद्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. संगणक विकताना फुकटचं ऑफिस घालून देणारे आमच्यातच आहेत. ते चालू करणारी फाइल आधी अँटिव्हायरस बंद करायला लावते, आणि तो पुढे कायम बंदच राहतो. सगळ्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं देऊन टाकतात, म्हणजे दिवाणजीने दाबलेलं बटण सगळ्या यंत्रावर चालतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी तीच यंत्रं गिऱ्हाइकाला 'मस्त चालतंय' म्हणून परत दिली जातात. सरकारी खरेदीत आणि सेवा केंद्रांच्या तपासणीत या तीन गोष्टी पाहिल्या जाव्यात. बाजार आपोआप त्या वाटेने येईल, कारण आम्ही गिऱ्हाइकापेक्षा निविदेला जास्त घाबरतो.

प्रशिक्षण घ्यायचं ठरलं तर सभागृहात भाषण नको. प्रत्येकाने आपल्या संगणकावर एक्स्टेन्शन दिसायची खूण करावी, दोन खोट्या फायली ओळखाव्यात आणि चहा पिऊन जावं. वालचंद महाविद्यालयातली मुलं शिकवायला मिळू शकतील, आम्ही दुरुस्तीवाले चार-पाचजण येऊ. मार्चअखेरची गडबड सुरू व्हायच्या आत पहिलं शिबिर मार्केट यार्डात ठेवावं. वेळ मात्र सौदे संपल्यानंतरची द्यावी. सकाळी बोलावलंत तर मालक येतील, दिवाणजी येणार नाहीत, आणि मेल तेच उघडतात.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला
सांगली