चंद्रावरची खरी दौलत हेलियम नव्हे, ऑक्सिजन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्रावर एखादे यान उतरले की आठवडाभरात वर्तमानपत्रांत हेलियम-३, म्हणजे अणुसंमीलनाचे संभाव्य इंधन मानला जाणारा हेलियमचा एक प्रकार, अवतरतोच. इतके टन आणला की साऱ्या जगाचा विजेचा प्रश्न मिटला, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब अर्धाच असतो, म्हणून हे पत्र.

सौरवाऱ्याबरोबर (सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांच्या झोताबरोबर) येऊन चंद्राच्या मातीत अडकलेला हा वायू तिथे अब्जात जेमतेम १०-२० भाग असतो. म्हणजे किलोभर हेलियम-३ साठी ५० हजार ते १ लाख टन माती उकरायची, ७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवायची आणि सुटलेल्या वायूंतून हवा तेवढा वेचून घ्यायचा. अपोलोच्या सहा मोहिमा, सोव्हिएत लुना याने आणि चीनची चांग-ई ५ व ६ या सगळ्यांनी मिळून आजवर पृथ्वीवर आणलेली माती आणि दगड ४०० किलोंच्या आतच भरतात. बरे, हेलियम हाती आला तरी तो वापरणारी अणुभट्टी कुठे आहे? ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांचे त्यातल्या त्यात सोपे संमीलन (अणुकेंद्रे एकत्र जोडून ऊर्जा मिळवणे) सुद्धा अजून ग्रिडला वीज देत नाही. हेलियम-३ ला तर त्याहून कितीतरी जास्त तापमान लागते.

ज्या मातीत आपण हा हेलियम शोधतो आहोत, तिच्या वजनात ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे! शिवाय सिलिकॉन, लोह, ॲल्युमिनियम, आणि काळसर दिसणाऱ्या सपाट भागांत टायटॅनियमही. अडचण एवढीच, की हे सगळे ऑक्साइडच्या रूपात घट्ट बांधलेले आहे. ते सोडवण्याची एक पद्धत म्हणजे माती १६०० अंशांच्या आसपास वितळवून तिच्यातून वीज सोडणे. एका इलेक्ट्रोडवर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. दुसऱ्यावर आधी लोह, मग सिलिकॉन, मग ॲल्युमिनियम. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण तो तापलेला रस भट्टीचे अस्तर आणि इलेक्ट्रोड दोन्ही खात सुटतो, आणि खरी झुंज तिथे आहे. ब्लू ओरिजिन कंपनीने २०२३ मध्ये चंद्राच्या मातीसारख्या कृत्रिम मिश्रणापासून सौरघट बनवल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष चंद्रावर जाऊन मात्र हे अजून कोणी केलेले नाही.

ऑक्सिजन म्हटले की आपल्याला श्वास आठवतो. त्याचा मोठा उपयोग इंधनात आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनात वजनाने साधारण सहा भाग ऑक्सिजन आणि एक भाग हायड्रोजन लागतो. म्हणजे ध्रुवाजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांतले बर्फ हाती लागले नाही, तरी टाकीतला बहुतेक माल साध्या मातीतून निघू शकतो. आणि पृथ्वीच्या ओढीतून सुटायला किलोमागे जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे बाविसाव्या हिश्शात चंद्रावरून सुटता येते. वर हवेचा अडथळाही नाही.

याच आधारावर प्रिन्स्टन विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील १९७० च्या दशकात म्हणत होते की कक्षेतली मोठी बांधकामे चंद्राच्या मालातून करावीत, आणि तो माल विद्युतचुंबकीय रुळांवरून भिरकावून पाठवावा. पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये मांडलेले सौरऊर्जा उपग्रह, म्हणजे कक्षेत उन्हापासून वीज बनवून ती सूक्ष्मलहरींनी जमिनीवर पाठवणारे उपग्रह, हे ओनील यांचे लाडके उदाहरण. भूस्थिर कक्षेत वर्षातला बहुतेक सगळा वेळ ऊन असते, चौरस मीटरला सुमारे १३६० वॅट. पण एकेका उपग्रहाचा सांगाडा हजारो टनांचा, आणि तो पृथ्वीवरून उचलायचा म्हणजे खर्चाला धरबंद राहत नाही.

तरीही ती वीज आपल्या घरांत येईल, हे आश्वासन मला आज पटत नाही. विजेच्या सूक्ष्मलहरी आणि सूक्ष्मलहरींची पुन्हा वीज करताना दोन्हीकडे गळती होते, आणि खाली ती झेलायला काही किलोमीटर रुंदीचा अँटेना पसरावा लागतो. कॅलटेकच्या २०२३ च्या प्रयोगात कक्षेतून सोडलेल्या लहरी जमिनीवर टिपल्या गेल्या, पण नुसती खूण पटण्यापुरत्या. दरम्यान जमिनीवरचे सौरघट स्वस्त होत चालले आहेत. चंद्राच्या विजेचे पहिले गिऱ्हाईक चंद्रावरचीच भट्टी असेल. तिला सलग दोन आठवड्यांची रात्र काढायची आहे.

धुळीविषयी तर कोणी बोलतच नाही. वारा-पाणी नसल्याने तिथले कण झिजत नाहीत, काचेसारखे धारदार राहतात. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिट यांना यानात परतल्यावर त्या धुळीने नाक चोंदण्याचा त्रास झाला होता. माणसाचे हे, तर रात्रंदिवस माती उपसणाऱ्या यंत्राच्या बेअरिंगचे आणि सीलचे काय होईल?

कायदाही अर्धवट आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. उकरून काढलेल्या मालाबद्दल करार स्पष्ट बोलत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये, लक्झेंबर्गने २०१७ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये तो माल काढणाऱ्याचाच, असे आपापले कायदे करून टाकले.

तेव्हा एक विनंती. पुढच्या चांद्रमोहिमेच्या वेळी खगोलशास्त्रज्ञाबरोबर एखाद्या धातुशास्त्रज्ञालाही लिहायला सांगा. किती माती, कसली भट्टी, किती वीज आणि अस्तर किती दिवस टिकेल, एवढे त्यांनी लिहिले तरी पुष्कळ झाले.

आपला,
एक वाचक