आखाजीच्या आधी काय आणि नंतर काय

बेटा,

तू पाठवलेली ॲपच्या कामांची शीट आज दुपारी दुकानात निवांत पाहिली, ऊन असं तापलंय की गल्लीत चिटपाखरू नाही. ते अर्जंट-इम्पॉर्टंटचे चार चौकोन केलेत चांगले, पण सगळी कामं पहिल्याच चौकोनात कोंबून सगळी लाल केलीयस, मग चौकोन केले कशाला माय? लोगो पण लाल आणि बॅकअप पण लाल. तू फोनवर म्हणालीस की पप्पा मी एकटी आहे, आधी कशाला हात घालू कळत नाही, तेव्हा समोर कंपनीचा माणूस बसला होता म्हणून मी नुसतं हं हं केलं. आता सविस्तर लिहितो. कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही पण ज्याच्यासाठी हे बिलाचं-उधारीचं ॲप बनवून राहिलीस तो कृषी केंद्रवाला मीच आहे, तर ऐक.

आधी तारीख. तू लाँचला "मे एंड किंवा जून" लिहिलंय ते आजच खोड. मेच्या मध्यापासून बियाण्याची विचारपूस सुरू होते, कृषी खातं सांगतं १ जूनच्या आधी कापूस लावू नका, गुलाबी बोंडअळीची साखळी तुटली पाहिजे म्हणून, त्यामुळे जून लागला की अख्खा तालुका एकाच वेळी काउंटरवर येतो आणि मग पाऊस पडला की युरियाची रांग. त्या गर्दीत कुठला दुकानदार नवीन ॲप शिकत बसेल? माझ्या स्वतःच्या पोरीचं असून मी नाही बसणार. लाँच आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत. तेव्हा दुकानं रिकामी असतात, सालदारांची म्हणजे वर्षाच्या गड्यांची सालं ठरतात, शेतकऱ्याचाही पुढच्या हंगामाचा हिशोब डोक्यात चालू असतो. पाडवा झालाच आहे, म्हणजे तुझ्या हातात जेमतेम एक महिना. तारीख हलणार नाही, मग कामंच कमी करावी लागतील, दुसरा रस्ता नाही.

त्या महिन्यातला अर्धा तर प्ले स्टोअरच खाणार. तूच सांगितलं होतंस ना की पर्सनल अकाउंट नवीन असलं तर १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टिंगला राहावं लागतं, त्यानंतर अर्ज करायचा, मग ते तपासणार. आणि हे काम तुझ्या यादीत कुठंय तर पार खाली, "ॲप पूर्ण झाल्यावर". अगं ॲप पूर्ण कधी होतं का? जे काम दुसऱ्याच्या हातात आहे, जिथं आपण कितीही जागलो तरी दिवस कमी होत नाहीत, ते सगळ्यात आधी लावून टाकायचं. लॉगिन आणि एक साधं बिल निघतंय ना, तेवढ्यावर टेस्टिंग चालू कर, बाकीचं त्या १४ दिवसात कर. धंद्याचे एसएमएस पाठवायला जे डीएलटी रजिस्ट्रेशन लागतं त्याचं पण तसंच, हेडर टेम्प्लेट, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मसुदा, पास झाल्याशिवाय उधारीचा मेसेज जाणारच नाही म्हणालीस, मग तो अर्ज पण आजच. पेमेंट गेटवेची केवायसी पण. तिन्हीला मिळून एक दिवस जाईल, पण तो आजचा गेला पाहिजे, पुढच्या महिन्यातला नाही.

टेस्टिंगला माणसं मी जमवून राहिलोय, आपले दुकानदारच आहेत सगळे. अडचण एकच, निम्म्या लोकांना स्वतःचा जीमेल माहीत नाही, मोबाईलवाल्या पोराने काढून दिलेला आणि पासवर्ड त्या पोरालाच ठाऊक. ते मी निस्तरतो. जास्तीची दोन-चार नावं पण देतो, कुणी मध्येच ॲप काढून टाकलं तर आकडा १२ च्या खाली नको जायला.

आता तुझ्या स्वतःच्या हातातलं. इथं मी एकच बघतो, काय चुकलं तर दुकानदार दुसऱ्या दिवशी वही परत काढेल. हिशोब चुकला तर. एकाच बिलावर बियाणं असतं त्याला जीएसटी नाही, खत असतं त्याला ५ टक्के, फवारणीचं औषध असतं त्याला १८ टक्के, आणि युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशाला, ते ५० पैसे तुझं ॲप कुठं टाकणार? दहा गोण्यांवर ठीक, तीन गोण्यांवर राऊंड ऑफ वेगळा आला की गिऱ्हाईक वाद घालतं. आणि त्याहून मोठं म्हणजे नावं. तुझ्या स्क्रीनवर नाव आणि मोबाईल एवढंच आहे. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे चार पाटील निघतात, त्यात दोघांच्या वडिलांचं नाव पण सारखं, मोबाईल नंबर तर पोराचा देतात आणि तो दर वर्षी बदलतो. एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर पडली की ते भांडण दुकानात नाही मिटत, लग्नाच्या पंगतीपर्यंत जातं. गाव टाक, बापाचं नाव टाक, आणि लोक ज्या नावाने हाक मारतात त्याला एक रकाना ठेव, आम्ही वहीत तेच लिहितो.

बॅकअप आणि नेट नसताना बिल निघणं, हे दोन्ही लालच राहू दे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना रेंजचा भरवसा नाही, आणि फोन पाण्यात पडला तर वर्षभराची उधारी बुडाली असं एकाचं जरी झालं तरी पूर्ण तालुक्यात तुझं नाव संपलं.

आणि एक गोष्ट तू "नंतर" मध्ये टाकलीय ती मला वर पाहिजे, कागदाची प्रिंट. व्हॉट्सॲपवर पीडीएफ जाते, कागद कशाला, असं तुझं म्हणणं, ते पुण्यात ठीक आहे. इथं बियाणं उगवलं नाही तर शेतकरी तक्रार करतो, तालुक्याची समिती शेतात येते, पंचनामा करते आणि पहिले विचारते बिल कुठंय, त्यावर लॉट नंबर आहे का. औषधाच्या बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी. म्हणून लोक बिल पाकिटासकट घडी करून कोठीत ठेवतात. लॉट नंबरचा रकाना तू ऐच्छिक ठेवलाय, तो भरल्याशिवाय बिलच निघायला नको, दुकानदार कुरकुर करतील तर करू दे, उद्या त्यांचीच मान वाचते. आपल्या दुकानातला छोटा थर्मल प्रिंटर बसने पाठवतो, त्याच्यावर करून बघ.

बाकीचं सगळं खाली ढकल. लोगो, डार्क मोड, तीन प्रकारचे प्लॅन, रील्स, आणि ते पिकाचा फोटो काढला की रोग सांगणारं एआय, ते तर पुढच्या वर्षी पण नको, चुकीचं औषध सांगितलं तर कोण निस्तरणार? कंपनी रजिस्टर करायची घाई नको. जीएसटी नंबरचं पण टेन्शन घेऊ नको, सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखाच्या आत आहे तोवर बंधनकारक नाही, आपल्या सीएला विचारून घेतलंय. वेबसाईट म्हणजे एक पान, फोन नंबर आणि किंमत, झालं.

दिवसाचं असं कर की सकाळी डोकं ताजं असताना हिशोबाचं काम, तेव्हा फोन बाजूला ठेव, माझा आला तरी उचलू नको. दुकानदारांना फोन दुपारी दोन ते चार, आम्ही तेव्हा रिकामे बसलेलो असतो, बोलतो पण भरपूर. आणि शेवटच्या आठवड्यात नवीन काही घालायचं नाही, कुणी कितीही मागितलं तरी, मी मागितलं तरी. फक्त जे आहे ते मोडतं का तेवढं बघ.

तुझी माय विचारून राहिली पोरगी वेळेवर जेवते का नाही, तिला मी हो सांगितलंय, खरं करून दाखव. प्रिंटरच्या खोक्यात बिबडे टाकतेय ती. लाँच झालं की आखाजीला घरी यायचंच, लॅपटॉप आण पण ये.

जीमेलची यादी संध्याकाळी व्हॉट्सॲपला टाकतो, दोघांच्या स्पेलिंगची मला खात्री नाही, टाकण्याआधी त्यांना फोन करून विचारून घे.

तुझे पप्पा