पूल पाडला, बाळ्या

सोलापूर, रविवार रात्र

बाळ्या,

दिवाळीत फोन केला नाही म्हणून रुसला असशील. रूस. शुगर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच.

आपला पूल पाडला बे. दमाणी नगरचा, रेल्वे रुळांवरचा, 1922 सालचा. मेगाब्लॉक घेतला, क्रेन लावल्या आणि उचलला. मी बघायला गेलो नाही. अण्णा गेले होते. येऊन जेवले नाहीत, काही बोललेही नाहीत.

खरं दुखणं त्यानंतरचं आहे. ब्याऐंशी वर्षांचा माणूस पहाटे पाचला उठतो, टोपी घालतो आणि भैय्या चौकाकडं चालायला लागतो. पुलापलीकडं चहा प्यायची सवय. वळसा घालून जा म्हटलं, तर म्हणाले, "गिरणीत साच्यावर होतो तेव्हा कुठं वळसा घालत होतो?" परवा ओळखीच्या रिक्षावाल्यानं त्यांना धोतराचा सोगा हातात धरून चक्क रूळ ओलांडताना बघितलं!

आठवीतलं आठवतंय का? पैज लावून आपण तिथंच रुळावर उतरलो होतो. पहिली पाळी सुटलेली, अण्णांनी वरनं पाहिलं. मला एक ठेवून दिली, तुला दोन, आणि वर विचारलं, "साहेबानं पूल कशाला बांधलाय?" (दुसरी का, हे तू अजून विचारतोस. तू हसलास म्हणून.) काल तेच वाक्य मी त्यांना परत ऐकवलं. शांतपणे म्हणाले, "पूल कुठाय?"

आता मी काय बोलणार?

आणि हो, ते आपलं भांडण. मी म्हणायचो पूल रेल्वेमुळं, तू म्हणायचास गिरण्यांमुळं. रेल्वे आली 1860 ला. मुरारजींची जुनी गिरणी 1877 ची, नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी त्यानंतर, मग विष्णू. भोंगा झाला की डबे घेऊन माणसांचा लोंढा. आणि पूल 1922 चा! नुसती रेल्वेच कारण असती, तर साठ वर्षं थांबले असते का? तू जिंकलास. पण '1930 च्या मार्शल लॉत सोलापूरच्या चार हुतात्म्यांना याच पुलावरनं नेलं' ही तुझी थाप मी अजून मानत नाही. चौघांना फाशी येरवड्यात दिली, 12 जानेवारी 1931 ला. त्यांच्या चार पुतळ्यांपाशी उभा राहून पोरांना असलं काही सांगू नको.

तुझी बदली झाली म्हणे. घर मिळालं का? धाकटीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

अण्णांना एक फोन कर. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. दोन खाल्ल्यास ना त्यांच्या हातच्या, हक्क आहे तुझा. वळशानं जा म्हण, नाहीतर चहा घरीच घ्या म्हण, काहीही म्हण. पण पाचच्या आत कर, नंतर ते घरात नसतात.

पैजेची कडक भाकरी आणि शेंगाचटणी गड्ड्याच्या जत्रेला आलास की घे.

तुझा,
दिल्या