मोत्यासारखं अक्षर आणि हाड असलेलं अक्षर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. चिनी अक्षरांचे फोटो बघून त्यांनी लिहिलंय की हे तर कोंबडीचे पाय, यात कला कसली, आणि जे वाचताच येत नाही त्याचं कौतुक करायचं कसं. त्यांच्यावर राग नाही, प्रश्न रास्तच आहे, खरं त्याला उत्तर आहे आणि ते कुणीतरी द्यायला पाहिजे म्हणून लिहालोय. मी बेळगावच्या शहापुरात पस्तीस वर्षं बोर्ड रंगवले. मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही. दुकानाच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, गणपती मंडळांचे कापडी बॅनर. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं, आता गल्लीतल्या मुलांना अक्षर शिकवतो.

मला कन्नड नीट वाचता यायला लागलं ते या धंद्यात पडून पाच-सहा वर्षं झाल्यावर. खरं त्याच्या आधीपासूनच कुठल्या पेंटरचं कन्नड अक्षर चांगलं हे मला रस्त्याच्या पलीकडून कळायचं. वळण घेताना ब्रश कुठं न घाबरता फिरलाय, कुठं दोनदा गिरवून जाडी आणलीय, हे दिसतंच. म्हणजे वाचता येणं वेगळं आणि बघता येणं वेगळं. आपल्या भागात पाटी म्हटलं की ती कुठल्या भाषेत हाच विषय निघतो, त्यामागं काय काय सोसलंय ते इथल्या माणसाला सांगायला नको, खरं या सगळ्यात अक्षर कसं काढलंय हे बघायचं आपलं राहून गेलं.

आपल्याकडं चांगल्या अक्षराला एकच शाबासकी, मोत्यासारखं. दासबोधात एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी लेखन कसं असावं ते सांगितलंय, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं, ओळी मोत्यांच्या माळेसारख्या हव्यात, आणि ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे. पोथीसाठी हे शंभर टक्के बरोबर, कारण ती दहा जणांनी वाचायची असते. हीच फूटपट्टी घेऊन आपण चिनी अक्षराकडं जातो आणि तिथंच घोटाळा होतो.

वांग शिझी म्हणून त्यांचा सगळ्यात मोठा लेखक. लेखक म्हणजे इथं अक्षर लिहिणारा. इ.स. 353 च्या वसंतात शाओशिंगजवळ लानतिंग नावाच्या ठिकाणी मित्रमंडळी जमली, ओढ्यातून दारूचे पेले सोडले, कविता केल्या आणि त्या कवितांची प्रस्तावना यानं लिहिली. 28 ओळी, 324 अक्षरं. त्यात ‘झी’ हे अगदी साधं अक्षर, आपल्या चा-ची-चे सारखं काम करणारं, वीसेक वेळा येतं आणि दरवेळी वेगळ्या वळणानं येतं. कुठं पसरट, कुठं अंग चोरून, कुठं शेवटची रेघ लांब सोडलेली. आपल्या परीक्षकानं मार्क कापले असते. तिकडं सोळाशे वर्षं झाली, लोक त्याच्याच पाया पडतात. मूळ कागद थांग घराण्याच्या ताइझोंग बादशहानं आपल्या थडग्यात बरोबर नेला असं म्हणतात, आज दिसतात त्या जुन्या नकला. त्या नकलांवरून पिढ्यान्‌पिढ्या तिकडची मुलं कित्ता गिरवतात.

मग ते बघतात तरी काय? हाड बघतात, म्हणजे रेघेच्या आतली ताकद. वेई बाई म्हणून होती, वांग शिझीची गुरू मानतात तिला, तिच्या नावावर चालत आलेल्या एका लेखात असं आहे की ज्या अक्षरात मांस भरपूर आणि हाड थोडं ते शाईचं डुक्कर. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो बघा. सगळी उमेदवारी माझा उस्ताद हेच सांगत होता, रंग थापून जाडी आणू नको, ब्रशवर दाब देऊन आण. दोघांच्या मध्ये दीड हजारावर वर्षं आणि हिमालय.

शेजारचा मुलगा कंपनीच्या कामानं चीनला गेलेला, त्याला सांगून मी ब्रश, शाईची कांडी, उगाळायचा दगड आणि ‘शुआन’ म्हणतात तो तिकडचा लिहायचा थोडा कागद मागवला. कांडी काजळी आणि सरसाची असते, गंध उगाळतो तशी पाण्यात उगाळायची. एनामल पेंटवर आयुष्य गेलेल्या माणसाला वाटलं की ब्रश तो ब्रश. तसं नाही. तो कागद पाणी असं पितो की आडव्या रेघेच्या मधे हात एक क्षण जरी घुटमळला तरी तिथं डाग फुगतो, आणि घाई केली की रेघ कोरडी पडून मधे पांढरं दिसतं. या पांढऱ्याला ते उडतं पांढरं म्हणतात, जाणत्या हातातनं आलं तर ती शोभा असते. पुसायचं नाही, गिरवायचं नाही, वरनं दुसरा हात द्यायचा नाही. ‘योंग’ नावाच्या एका अक्षरात आठ मूळ फटकारे आहेत, शिकणारे ते काढत बसतात. मी दोन महिने काढतोय, अजून टिंबसुद्धा जमिनीला टेकल्यासारखं येत नाही.

आणि सगळ्यात मला पटलेली गोष्ट ही. यान झेनचिंग हा थांग काळातला मोठा अक्षर लिहिणारा, त्याचं आणि हुआइसू नावाच्या एका भिक्षूचं बोलणं सांगतात, चांगली रेघ कशी असावी यावरचं, त्यात यान म्हणतो, घराच्या भिंतीवर गळतीचा ओघळ असतो तशी. खानापूर तालुक्यात ज्यांचं मातीच्या भिंतीचं कौलारू घर आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको. आषाढात कौल सरकलं की पाणी भिंतीवरनं उतरतं ते सरळ धावत येत नाही. थेंब जरा थांबतो, भरतो, माती त्याला अडवते, मग वाट काढून खाली सरकतो, परत अडतो. पाऊस गेल्यावर जो ओघळ राहतो त्याला कडा असते, वजन असतं. तशी रेघ. फूटपट्टीनं मारलेली नव्हे. मामाच्या घरात लहानपणी असल्या भिंतीकडं मी तासन्‌तास बघत पडायचो आणि आता कळालं की काय बघत होतो.

याच यानचा एक कागद तायपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे, 2019 मध्ये टोकियोला प्रदर्शनात नेलेला. 758 सालचा. आन लुशान नावाच्या सेनापतीनं बादशहाविरुद्ध केलेल्या बंडात यानचा पुतण्या मारला गेला, त्याच्या श्राद्धाला वाचायच्या मजकुराचा हा कच्चा खर्डा. सुरुवात बऱ्यापैकी शांत आहे, मग खाडाखोड सुरू होते, शब्द काळे केलेत, बाजूला दुसरे घातलेत, ब्रश कोरडा पडला तरी हा लिहीतच सुटलाय, शेवटी शेवटी अक्षरं नुसती धावतात. सुबक म्हणाल तर काहीच नाही आणि वांग शिझीच्या खालोखाल मान या कागदाला आहे. मोबाइलवर झूम करून मी एकेका रेघेवरनं बोट फिरवलं. अक्षरातल्या रेघांचा क्रम ठरलेला असतो, वरनं खाली, डावीकडनं उजवीकडं, त्यामुळं हात कुठनं कुठं गेला हे आपल्याला मागोमाग चालून बघता येतं. एक अक्षर वाचता येत नसताना माझा गळा दाटला.

आमच्या घरात आजोबांच्या जमिनीचे मोडी कागद आहेत. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं खाली सोडत जायचं. त्या कागदांकडं आता कोण बघतो तर फक्त वकील, मजकुरापुरतं. त्यात एक कारकून आहे ज्याचा हात इतका सुंदर पळतो की मी ते पान फ्रेम करायला काढून ठेवलंय.

म्हणून त्या वाचकांना विनंती, अर्थ सोडा, एक अक्षर घ्या आणि हवेत बोटानं त्याच्याबरोबर जाऊन बघा. ब्रश कुठं दाबलाय, कुठं उचललाय, वरच्या अक्षराचा झोत खालच्यात उतरलाय का, मोकळी जागा मुद्दाम सोडलीय की उरलीय. दहा नमुने असे बघितले की अकराव्याला हात खोटा बोलतोय का ते आपोआप कळतं. आणि आपल्याकडं शाळांतून, मंडळांतून सुलेखन स्पर्धा घेतात त्या परीक्षकांनाही सांगणं आहे, एका स्पर्धेत मी स्वतः परीक्षक होतो, तिथं एका मुलीचं अक्षर जिवंत होतं, खरं ओळ जरा वर चढलेली म्हणून तिला चौथ्यावर टाकलं आणि मी गप्प बसलो. ते मला अजून डाचतं.

साहेब, मागच्या वेळी छापलेले फोटो फार बारीक होते, कडेचे लाल शिक्केही कापले गेले होते. ते शिक्के म्हणजे तो कागद कुणाकुणाच्या हातातनं गेला त्याची नोंद असते. रविवारच्या पुरवणीत यानचा तो खर्डा एकदा अख्ख्या पानभर, खाडाखोडीसकट छापा. माझ्या क्लासच्या मुलांसाठी मी पंचवीस अंक घेईन.

आपला वाचक,
एक जुना बोर्ड पेंटर, शहापूर, बेळगाव